टॉकीजचा धंदा कसा चालत होता आणि का बसला?

हिंगोली-वसमतसारख्या आपल्या भागातील गावांत एक काळ असा होता की, संध्याकाळचा बाजार टॉकीजच्या घड्याळावर चालत असे. सहाचा खेळ सुटला की चहाची हॉटेले भरत, नऊचा सुरू झाला की कापड दुकानांची शटर खाली येत. आज त्या जागी कुठे मंगल कार्यालय आहे, कुठे गोदाम, कुठे दुकानांचे गाळे, तर कुठे नुसत्या भिंती उभ्या आहेत. गावातील माणसे हळहळतात आणि म्हणतात, "टीव्ही आला आणि टॉकीज गेली." हे उत्तर अर्धवट आहे. धंदा एका कारणाने बसत नाही. टॉकीजचा हिशेब नीट तपासला तर दुकानदार आणि कारागीर बांधवांना आपल्या धंद्याविषयी बरेच काही समजते. म्हणून हा लेख.

चित्रपट पाहावा की पाहू नये, हा या पानाचा विषय नाही. त्याबद्दल बोलायला उलेमा आहेत. टॉकीज हा आपल्या गावातील एक कारोबार होता, त्यात मालक, कामगार, कारागीर आणि शेजारचे दुकानदार यांची रोजी होती. येथे तेवढीच बाजू घेतली आहे.

तंबूपासून पक्क्या इमारतीपर्यंत

पक्क्या टॉकीज सर्व गावांत नव्हत्या, तेव्हा मराठवाड्यातील जत्रांत तंबू टॉकीज येत. ट्रकवर प्रोजेक्टर, जनरेटर, कापडी पडदा आणि तंबू घेऊन ही मंडळी एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत जात. भाडे थोडे, इमारत नाही, गिऱ्हाईक संपले की मुक्काम हलवायचा. महाराष्ट्रातील या फिरत्या टॉकीजवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला. तो २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. त्या वेळेपर्यंत ही मंडळी रिळाचा प्रोजेक्टर सोडून संगणकावरचा चित्रपट दाखवण्याच्या खटपटीत होती.

पक्की टॉकीज बांधणाऱ्याचा मामला वेगळा. जागा मोक्याची लागे. जिल्हाधिकाऱ्यांचा परवाना, आगीपासून बचावाची व्यवस्था, बाहेर पडण्याची दारे, मशीनची खोली वेगळी, असे नियम पाळावे लागत. म्हणजे पैसा आधी अडकत असे आणि तो अशा इमारतीत, जिचा दुसरा उपयोग सहज होत नाही. कापडाचे दुकान उद्या किराण्याचे होऊ शकते. उतरत्या जमिनीचा, खिडक्या नसलेला पाचशे खुर्च्यांचा हॉल दुसऱ्या कशाला वापरायचा?

पेनगंगेची हद्द आणि सिनेमाचा नकाशा

चित्रपटाच्या व्यापारात देशाचे भाग पाडलेले आहेत. त्यांना सर्किट म्हणतात. वितरक एकेका सर्किटचे हक्क विकत घेतो. हे नकाशे राज्यांच्या आजच्या हद्दींप्रमाणे नाहीत. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला भाग निजामाच्या राज्यात होता. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. पण सिनेमाच्या व्यापारात मराठवाडा 'निजाम' सर्किटमध्येच राहिला आणि त्याचा व्यवहार हैदराबादकडे बघत राहिला.

उलट वाशीम हिंगोलीपासून जेमतेम पन्नास किलोमीटर, पण पेनगंगेपलीकडचे. ते वऱ्हाडात, म्हणजे सी.पी. बेरार सर्किटमध्ये. तिथला व्यवहार अमरावती-भुसावळकडून चाले. कनेरगाव नाका हे गावाचे नावच जुन्या हद्दीची आठवण देते. एकाच रेल्वे लाइनवरच्या दोन शेजारी गावांत एकच पिक्चर वेगवेगळ्या वितरकाकडून, वेगळ्या वेळी, वेगळ्या अटींवर येत असे. माल कुठून येतो आणि त्याची वाट कोणी ठरवली, हे ज्याला समजते तो व्यापारी सौदा नीट करतो. सुरतेचा माल थेट घ्यावा की मधल्या आडत्याकडून, हा आपला रोजचा प्रश्नही याच जातीचा आहे.

पेटी, रीळ आणि उस्ताद

पिक्चर म्हणजे पत्र्याच्या पेट्यांत भरलेली रिळे. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चित्रांच्या वेगाने, मिनिटाला ९० फूट धावते. हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपते. अडीच-तीन तासांच्या हिंदी पिक्चरला अशी चौदा-सोळा रिळे लागत. पेट्या रेल्वे पार्सलने किंवा एस.टी.च्या टपावरून येत. पेटी चुकली तर खेळ रद्द, आणि लोकांचे पैसे परत.

मशीनच्या खोलीत दोन प्रोजेक्टर असत. एकावरचे रीळ संपत आले की पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका चमके आणि ऑपरेटर दुसरे मशीन चालू करी. प्रेक्षकाला सांधा कळू नये, हे त्याचे कसब. उजेडासाठी कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर ठेवून त्यांच्यात ठिणगी पेटवत. कांड्या जळत तसतसे त्यांचे अंतर हाताने सांभाळावे लागे. नंतर झेनॉनचे दिवे आले. हे काम उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षे शागिर्दी करूनच येत असे.

एका प्रिंटला पन्नास-साठ हजार रुपये खर्च येई, म्हणून प्रिंट मोजक्याच काढत. आधी मोठ्या शहरांत, मग जिल्ह्याच्या गावी, मग तालुक्याला. आपल्याकडे पिक्चर कित्येक आठवडे, कधी कित्येक महिन्यांनी येई. प्रिंट घासलेली, पडद्यावर रेघा, मध्येच तुकडा गायब. तरी गर्दी होई, कारण तेच पिक्चर पाहायला दुसरी जागा नव्हती. तालुक्याच्या टॉकीजचा सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा होता.

सौद्याच्या तीन पद्धती

टॉकीजवाला आणि वितरक यांच्यात साधारण तीन प्रकारे व्यवहार होई.

पहिली पद्धत ठोक भाड्याची. आठवड्याचे ठरावीक भाडे द्यायचे, नफा-तोटा टॉकीजवाल्याचा. जुन्या पिक्चरसाठी हीच पद्धत. दुसरी टक्केवारीची. कर वजा जाता गल्ला ठरलेल्या हिश्श्याने वाटून घ्यायचा. पिक्चर पडले तर दोघांनाही कमी. तिसरी मिनिमम गॅरंटीची, बोलीभाषेत 'एम.जी.'. टॉकीजवाल्याने आधीच मोठी रक्कम हमी म्हणून द्यायची. गल्ला त्यापेक्षा कमी झाला तर नुकसान त्याचे, जास्त झाला तर वरच्या पैशात वितरकाचा वाटा.

आपल्या वाचकांना यातील फरक लगेच समजेल. टक्केवारीत जोखीम दोघांवर असते, मुदारबतच्या भावनेला ती जवळची आहे. एम.जी.त जोखीम जवळजवळ सगळी एकाच्या डोक्यावर बसते. ईदच्या पिक्चरसाठी चढाओढीने एम.जी. देणारे आणि ती रक्कम सावकाराकडून व्याजाने उचलणारे मालक असत. पिक्चर दुसऱ्या दिवशी पडले तरी व्याज चालूच. अनेक टॉकीजच्या भिंतींना पहिली चीर इथे पडली.

आता साधा हिशेब पाहू. समजा, ५०० खुर्च्या आहेत, दिवसाला तीन खेळ आणि तिकीट सरासरी ५ रुपये. तिन्ही खेळ भरले तर गल्ला ७,५०० रुपये. समजा, रुपयामागे २५ पैसे कर गेला, तर राहिले ५,६२५. निम्मे वितरकाचे, मालकाच्या हाती सुमारे २,८०० रुपये. पण पाऊण हॉल रिकामा असेल तर गल्ला १,८७५, कर जाऊन सुमारे १,४००, मालकाला ७००. विजेचे बिल, कार्बन, ऑपरेटर, बुकिंग क्लार्क, डोअरकीपर, झाडूवाला यांचा खर्च दोन्ही दिवशी तोच. रिकाम्या खुर्चीचा माल उद्यासाठी शिल्लक राहत नाही. कापडाचा न विकलेला ताका कपाटात राहतो आणि सेलमध्ये जातो. न विकलेले तिकीट त्या रात्रीच मरते.

त्यात आपल्या भागाची कमाई हंगामी. कापूस, सोयाबीन, हळद बाजारात आली की हाती पैसा आणि टॉकीजला गर्दी. पावसाळ्यात खुर्च्या रिकाम्या. रमजानमध्ये संध्याकाळचे खेळ ओस, ईदला मात्र दारावर रेटारेटी. चार महिन्यांच्या कमाईवर बारा महिन्यांचा खर्च काढायचा, हे टॉकीजचे गणित होते.

टॉकीजच्या सावलीतील रोजगार

टॉकीजची खरी किंमत तिच्या गल्ल्यात मोजता येत नाही. सायकल स्टँड, पानटपरी, भजी-चहाची हॉटेले, फुटाणे-शेंगदाण्याच्या गाड्या, टांगा-रिक्षा, भोंगा लावून गावभर पिक्चरची जाहिरात करणारा, रात्री पोस्टर चिकटवणारा, कापडावर नट-नट्यांचे मोठे चेहरे रंगवणारे पेंटर, खुर्च्या दुरुस्त करणारे सुतार-वेल्डर, ही सगळी बिरादरी टॉकीजवर जगत होती. त्यात आपल्या समाजातील कारागीर बरेच होते.

कापड व्यापारालाही टॉकीजने गिऱ्हाईक दिले. १९७३ साली 'बॉबी' आला आणि 'बॉबी प्रिंट' हे कापडाचे नाव झाले. बेलबॉटमच्या दिवसांत एका पँटला जास्त कापड लागे, हे व्यापाऱ्याला आवडत असे. १९९४ च्या 'हम आपके हैं कौन'नंतर जांभळ्या साडीची मागणी लग्नसराईत कित्येक महिने टिकली. आपले टेलर मास्टर पिक्चर पाहून कॉलरचा आणि बाहीचा कट लक्षात ठेवत आणि दुसऱ्या दिवशी तसाच उतरवून देत. १९६० च्या 'मुगल-ए-आझम'साठी दिल्लीचे शिंपी, सुरतेचे भरतकाम करणारे, हैदराबादचे सोनार, कोल्हापूरचे कारागीर आणि आग्र्याचे पादत्राणे बनवणारे कामाला लावले होते. पडद्यावर जे दिसत होते ते असल्या हातांचे काम होते, आणि तेच पाहून गावागावांतील कारागिरांना काम मिळत होते.

गर्दी कोणत्या कारणाने होईल, याचाही अंदाज बांधता येत नसे. १९७५ साली 'शोले' आला, त्याच वर्षी कमी खर्चाचा 'जय संतोषी माँ' आला. त्याला बायका बैलगाड्या जुंपून आल्या आणि चपला दाराबाहेर काढून आत गेल्या. बड्या पिक्चरवर एम.जी. लावून बसलेल्यांनी कपाळावर हात मारला.

चार धक्के

आता टॉकीज का बसली ते क्रमाने पाहू.

पहिला धक्का व्हिडिओचा. १९८२ च्या एशियाडच्या वेळी रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ व्ही.सी.आर. भाड्याने मिळू लागला. गल्लीत वर्गणी काढून रात्रभर तीन पिक्चर पाहता येऊ लागले. जानेवारी १९८७ पासून दीड वर्ष रविवारी सकाळी 'रामायण' मालिकेने रस्ते ओस पाडले. २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही सुरू झाला आणि केबल घरोघर गेली. नवे पिक्चर तालुक्याला पोहोचण्याआधीच चोरट्या कॅसेटवर आणि केबलवर दिसू लागले. तालुक्याच्या टॉकीजची जी एकमेव ताकद होती, ती इथे गेली. 'हम आपके हैं कौन'च्या निर्मात्यांनी व्हिडिओ हक्क रोखून धरले आणि लोक पुन्हा टॉकीजकडे वळले. रोग कुठे होता, ते यावरून दिसते.

दुसरा धक्का कराचा आणि सवलतीचा. करमणूक कर जुन्या टॉकीजवाल्याने वर्षानुवर्षे भरला. महानगरांत तो ४५ टक्क्यांपर्यंत होता, लहान गावांत दर कमी, पण गिऱ्हाईकही कमी. २००१ साली राज्य शासनाने मल्टिप्लेक्सना पहिली तीन वर्षे पूर्ण आणि पुढची दोन वर्षे अंशतः करमाफी दिली. मोठ्या भांडवलाला सवलत आणि जुन्या दुकानदाराला पूर्ण कर, असा हा प्रकार होता. १ जुलै २०१७ ला जी.एस.टी. आला, तेव्हा १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर १८ टक्के आणि वरच्या तिकिटावर २८ टक्के होता. १ जानेवारी २०१९ पासून ते दर १२ आणि १८ झाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के आहे. स्वस्त तिकिटाला खरी सवलत मिळाली, पण तोवर स्वस्त तिकिटाच्या कित्येक टॉकीज शिल्लक नव्हत्या.

तिसरा धक्का तंत्राचा. २००५ च्या सुमारास उपग्रहावरून पिक्चर पाठवण्याची पद्धत आली. पेटी गेली, रीळ गेले. सुरुवातीला यात लहान गावाचा फायदा दिसला, कारण मुंबईला ज्या शुक्रवारी पिक्चर लागे त्याच शुक्रवारी ते तालुक्यालाही लागू लागले. पण नवे मशीन, नवा साउंड, ए.सी. आणि चांगल्या खुर्च्या यांसाठी पुन्हा भांडवल हवे. शिवाय पिक्चर सगळीकडे एकदम लागल्याने कमाई पहिल्या तीन-चार दिवसांत आटोपू लागली. जुने पिक्चर ठोक भाड्याने आणून महिना काढण्याचा मार्ग बंद झाला. ऑपरेटरचे चाळीस वर्षांचे कसब एका बटणात सामावले. फ्लेक्स छपाईने पेंटरचा ब्रश आधीच खाली ठेवला होता.

चौथा धक्का कोरोनाचा. मार्च २०२० मध्ये टॉकीज बंद झाल्या. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२० मध्ये निम्म्या खुर्च्यांवर उघडल्या, २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद, आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला परत सुरू. जे आधीच धापा टाकत होते त्यांना हा काळ पेलवला नाही. लोकांना तेवढ्यात मोबाइलवर पिक्चर पाहण्याची सवय लागली.

या चारांशिवाय एक घरातले कारण आहे, त्याकडे आपल्या समाजाने विशेष लक्ष द्यावे. टॉकीज ही एकच मोठी मिळकत. मालक वारला की सात-आठ वारस. दुकानाचे गाळे वाटता येतात, हॉल वाटता येत नाही. कोणी म्हणे चालवा, कोणी म्हणे विका, आणि वाद कोर्टात गेला की कुलूप. दोष शरीअतच्या वाटणीचा नाही. ती स्पष्ट आहे आणि वेळेवर करायची असते. हयातीत हिशेब स्वच्छ न ठेवणे, भागीदारी तोंडी ठेवणे आणि वाटणी वर्षानुवर्षे लांबवणे, हा दोष आपला आहे.

काय उरले?

पुण्यात मंडईजवळ १९१५ साली सुरू झालेले 'आर्यन' थिएटर १९८३ मध्ये गेले. आज त्या भागातील वाहनतळांना 'आर्यन' आणि 'मिनर्व्हा' ही जुन्या थिएटरांची नावे आहेत, गाडी लावणाऱ्या तरुणाला त्याचा अर्थ माहीत नसतो. मुंबईचे 'मराठा मंदिर' १९५८ साली सुरू झाले, १९६० साली तिथेच 'मुगल-ए-आझम' लागला, आणि १९९५ च्या 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे'चा स्वस्त खेळ तिथे वर्षानुवर्षे चालला. स्टेशन आणि एस.टी. डेपो शेजारी, तिकीट गरिबाच्या खिशाचे.

आपल्या कापड व्यापाऱ्यांचे येणे-जाणे असलेले मालेगाव पाहा. तिथे शुक्रवारी लूम बंद असतात, मजुराच्या हाती पगार असतो आणि नवे पिक्चरही शुक्रवारीच लागते. काही टॉकीज तिथेही बंद पडल्या, पण गर्दी टिकली. इतकी की नोव्हेंबर २०२३ मध्ये 'मोहन' टॉकीजमध्ये 'टायगर ३' चालू असताना काही पोरांनी आतच फटाके फोडले. सुदैवाने अनर्थ टळला, पण बंद हॉलमध्ये असले वेडेपण म्हणजे शेकडो जिवांशी खेळ आहे. याच मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली स्थानिक मित्रांना घेऊन 'मालेगाव के शोले' केला. टॉकीजला बुडवणारा व्हिडिओ त्यांनी स्वतःच्या हातात घेतला. त्यांच्या मंडळींवर २००८ मध्ये फैजा अहमद खान यांचा माहितीपट आणि २०२५ मध्ये रीमा कागती यांचा चित्रपट आला.

दुकानदाराने काय घ्यावे?

टॉकीजचे गिऱ्हाईक मेले नव्हते. पिक्चर पाहणारे आज पूर्वीपेक्षा जास्त आहेत, ते फक्त दुसरीकडे पाहतात. आपल्या कापड बाजाराचेही तेच होत आहे. लोक कपडे घालतातच, पण मोबाइलवर मागवतात. म्हणून काही गोष्टी आताच कराव्यात.

एक, "हा माल गावात दुसरीकडे मिळत नाही" यावर धंदा उभा असेल तर तो धंदा कच्चा समजावा. माप घेऊन शिवून देणे, दुरुस्ती, उधारीचा विश्वास, माल परत घेणे, हे पार्सलमधून येत नाही. त्यावर भर द्यावा. दोन, हंगामाच्या कमाईतून नव्या साधनांसाठी दरवर्षी थोडी रक्कम बाजूला काढावी, म्हणजे बदल आला की व्याजाच्या दारात जावे लागत नाही. तीन, सौदा करताना जोखीम कोणाच्या डोक्यावर आहे, हे आधी विचारावे. हमी देऊन माल उचलण्यापेक्षा विक्रीवर हिस्सा बरा. चार, भागीदारी कागदावर आणावी आणि वाटणी लांबवू नये.

आणि कारागिरांविषयी. मशीनच्या खोलीतील उस्तादांपैकी ज्यांनी वेळेवर वायरिंग, साउंड किंवा इन्व्हर्टर दुरुस्ती शिकून घेतली त्यांचे घर चालले. जे नवे मशीन येणारच नाही असे समजून बसले, त्यांच्या मुलांना मजुरीसाठी पुण्या-मुंबईची वाट धरावी लागली. आज आपल्या गल्लीतील टेलर, रंगारी, बॅटरीवाला त्याच वळणावर आहे. त्यांना नवे काम शिकवण्याची सोय गावातच करणे व्यापाऱ्यांच्या जमातीला अवघड नाही. एखाद्या रिकाम्या गोदामात दोन शिलाई मशीन, एक संगणक आणि एक शिकवणारा माणूस बसवला तरी सुरुवात होते.